मुर्गाबला पाणी लवकर उकळतं

ओरोझालीची जीप दोरीनं ओढत आणली तेव्हा
पोरं म्हणाली, घोडीनं लाथ मारली वाटतं.
आक-बायताल, पांढरी घोडी, घाटाचं नावच तसं.
बॉनेटखाली वाफ अजून फुसफुसत होती
आणि मागच्या सीटवर त्याची सासू,
मांडीवर लोकरीचं गाठोडं, उतरायला तयार नाही.

काका पियाला हातात घेऊन बसून राहिला.
"तू बघ. हात भाजून घेऊ नकोस,
बाकी वाटेल ते कर."

मी थांबले. गरम झाकण उघडलं की रेडिएटर तोंडावर थुंकतो,
हे मी एकदाच शिकले, मनगटावर अजून आहे.
पट्टा बोटभर ढिला, तेवढा हवाच.
पंपाच्या पोटाखाली कोरडं.
जाळीत याकचे केस, मेलेले टोळ; झाडले.
तेलाची काडी काळी, पण दुधाळ नाही.
नदीचं पाणी भरून इंजिन चालू केलं:
काटा चढत चाललेला
नि रेडिएटरचे पाइप नुसते कोमट.
इथं माझी छाती फुगली.

थर्मोस्टॅट काढून किटलीत टाकला.
पाणी खळखळलं. तो मिटलेला.
आणखी खळखळलं. तो शिंपल्यासारखा गप्प.
"अडकलाय," मी अख्ख्या अंगणाला सांगितलं,
"नवा ओशहून येईल. शुक्रवारी."
ओरोझालीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"त्याच्या अंगावर काय कोरलंय?" काकानं विचारलं.
ब्याण्णव.
"आणि तुझ्या पाण्याच्या?"
त्यानं थर्मामीटर बुडवला. अठ्ठ्याऐंशी.
मी जाळ वाढवला. अठ्ठ्याऐंशी.
"इथलं पाणी उतावीळ. डोक्यावर हवेचं ओझं कमी,
जरा ऊब लागली की उड्या मारतं.
दाराला दोष देतेस,
दारापर्यंत कुणी पोचलंच नाही."

मग उठला, आणि काकूच्या बोरसोकच्या कढईत
थर्मोस्टॅट तारेनं सोडला.
काकूनं झारा उगारला, आमच्या सात पिढ्या उद्धरल्या.
तळणाऱ्या गोळ्यांच्या मधोमध
त्यानं सावकाश डोळा उघडला.

मी परत जीपशी.
रेडिएटरच्या मानेवर पांढुरका ओघळ,
वाळलेला, सकाळपासून माझ्यासमोर.
झाकण उलटं केलं: रबराची चकती
शिळ्या भाकरीसारखी तडकलेली, स्प्रिंगमध्ये जीव नाही.
दाब धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम होतं.
दाब नाही, तर इंजिनातलं पाणीही किटलीतल्यासारखंच.

अंगणात चाकांविना उभी आहे त्या जीपचं झाकण आणलं,
अर्धा वळसा, मग खट्.
तासभर इंजिन चाललं. काटा मध्यावर, हलेना.

निघताना सासूनं काच खाली केली,
एक बोरसोक मागून घेतला, हुंगला,
आणि दिवसभरात पहिल्यांदा बोलली:
"घाट चढायच्या आधीपासून सांगतेय,
पुढं काहीतरी शिट्टी वाजवतंय.
कोण ऐकतं?"

काकानं माझ्याकडे पाहिलं.
मी त्याचा पियाला विसळायला घेतला.