दिसत नाही

तक्त्यात सात रकाने होते.
झोप. खाणं. अंग चाटणं. नुसतं बसणं.
येरझारा. इतर.
आणि कडेला सगळ्यांत अरुंद: दिसत नाही.
दर तीस सेकंदांनी घड्याळ टिचकायचं
आणि मी एका रकान्यात रेघ मारायची.

तालिनमधला हिवाळा, माझं वय सव्वीस,
शाई गोठू नये म्हणून पेन काखेत,
आणि जाळीपलीकडे उर्वे, लिंक्सची मादी,
कानांच्या टोकांवर काळे झुपके,
अकरा पावलं जाणारी, अकरा पावलं येणारी.
वळताना मान नेहमी डावीकडे टाकायची.
तिथल्या खांबाचा हिरवा रंग तिच्या गालाने पुसला होता.
बर्फ पडला की तिची वाट बुजायची.
तासाभरात पुन्हा उघडी.

तिला काय हवंय ते मला ठाऊक होतं.
तिकिटं फाडणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं.
आडोसा. फळ्यांची एक भिंत, आणि उंचावर अशी जागा
जिथून ती बघेल, पण तिला कुणी बघणार नाही.
लाकूड आलेलंही होतं, गोदामात ताडपत्रीखाली.
पण आधीचे सहा महिने मोजून व्हायचे होते.
आधीचं नीट मोजलं नाही
तर नंतरचं बरं झालं हे दाखवणार कसं?
हे वाक्य माझंच. आजही विद्यार्थ्यांना शिकवते.
ते चुकीचं नाही.
तीच तर अडचण आहे.

एकशे चाळिसाव्या सकाळी
आत एक आख्खं फरचं झाड आडवं पडलं होतं,
नाताळ सरल्यावर लोक रस्त्यावर टाकतात तसलं,
एका फांदीला चंदेरी दोरा अजून लोंबत होता.
बर्फावर वाट नव्हती.
फांद्यांच्या आत कुठेतरी एक कान हलल्यासारखा वाटला,
मग तोही नाही.
राखणदार एंडेल पिहलाकला विचारलं.
म्हणाला, वाऱ्याने आलं असेल.
चार मीटर उंच जाळीवरून.

मी तक्रार लिहिली. एक पान, मुद्देसूद.
त्याच्या पगारातून पैसे कापले. किती, ते मी विचारलं नाही.
झाड बाहेर ओढलं.
त्या दिवसाच्या तक्त्यात शेवटचा रकाना पहिल्यांदाच भरला होता,
रेघा समासात सांडल्या होत्या.
वर 'बाद' लिहून मी तो बाजूला ठेवला.
मग राहिलेले चाळीस दिवस
अकरा पावलं, अकरा पावलं.

भिंत झाली. निबंध छापला गेला.
तो वाचून दूरच्या शहरांत आडोसे उभे राहिले,
कोल्ह्यांना, अस्वलांना, एका म्हाताऱ्या बिबळ्याला.
चाळीस दिवसांच्या बदल्यात इतकं सगळं:
असा हिशेब मांडता येतो. मी मांडलाय, सभांमधून, फळ्यावर.
उर्वेला कुणी तो समजावला नाही.

आता मी नीतिसमितीवर. खिडकीजवळची खुर्ची.
पोरं प्रस्ताव घेऊन येतात, नेटके, पानांना क्रमांक घातलेले.
मी विचारते, मध्येच कुणी आत झाड टाकलं तर?
कुणी म्हणतं, तेवढा दिवस वगळू.
एकदा एक मुलगी गप्प बसली, बराच वेळ.
तिच्या प्रस्तावावर मी सही केली.
वगळणाऱ्यांच्याही करते, बहुतेक वेळा.

रविवारी काचेला नाक लावून मुलं ओरडतात,
इथे काहीच नाही!
आया त्यांना हाताला धरून माकडांकडे नेतात.
पैसे परत मागणारी पत्रं माझ्याकडे येतात.
ती मी जपून ठेवते.

गेल्या शरदात एंडेल दिसला, स्टेशनजवळच्या बाजारात,
बटाटे निवडत. पाठीत वाकलेला.
इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं
त्यासाठी मी तोंड उघडलं,
तर तोच म्हणाला, बटाट्यावरची नजर न काढता,
"ती चूक माझीच होती हो.
तो दोरा राहून गेला फांदीला. गिळला असता तिने.
दुपारी मांस टाकताना काढला, तेव्हा कुठे जीवात जीव आला."
एक बटाटा दाबून पाहिला, परत ठेवला.

तो दोरा मीही पाहिला होता.
सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी.
समासात तशी नोंद आहे.