इस्त्री

अमळनेरला, दगडी दरवाजाजवळ घड्याळाच्या दुकानात
माझं अर्धं टेबल. शनिवारी बसतो.
भिंग, चिमटा, फडफडणारी ट्यूबलाइट.

धनकोरबाईंनी पिशवीतून वही काढली,
वहीतून पोस्टकार्डं, त्यांच्यामधून दहाची नोट.
मागं शिडाचं जहाज. आमच्याकडं समुद्र नाही,
तरी ते जहाज इथल्या किती खिशांतून गेलंय.

उजेडावर धरली.
सिंह जागेवर. पिनेची दोन भोकं, ती चालतात,
गड्डीतली नोट म्हणजे भोकं आलीच.
कडा शाबूत. नंबर बरा.
मग अंगठा फिरवला आणि थांबलो.

जुना कागद बोटाखाली थोडा खरखरतो.
ही गप्प.
घडीच्या जागी नुसती चकाकी.

"चुरगळेल व्हती ना भाऊ,
म्हनीसन रातले इस्तरी फिरावी."

शाळेच्या फोटोला पोराची चड्डी करतात, तशी.

घडीसकट बाराशे म्हणालो असतो.
नवशिका होतो तेव्हा मीही एक मारलीय,
रिठ्याच्या फेसात बुचकळून.
गिऱ्हाइकाची होती. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"चुकनं का काही?"

नोट नाकाशी नेली.
इस्त्रीखालूनही येत होता दादरच्या कोठीचा वास,
वाळला कडुनिंब, जरा धूळ.
त्याला आमच्या यादीत रकाना नाही.

दोनशे म्हणालो. शंभराचीही नव्हती.

"राहू द्या मंग," म्हणाल्या,
आणि पुन्हा घडी पडू नये म्हणून
वही छातीशी सपाट धरून
पायऱ्या उतरल्या, एकेक.