एक बोळा कमी

मोखोतलोंगच्या वरच्या अंगाला, मिशनच्या दवाखान्यात
मी तेरा वर्षं बोळे मोजले.
डॉक्टर लिनेओ पोट शिवायला घेणार,
त्याआधी मी मोठ्यानं म्हणायचे:
वीस टाकले, वीस निघाले.
मगच सुई त्यांच्या हातात.

एका जुलैत, बर्फानं वाट बुजलेली,
घोंगडीत गुंडाळून घोड्यावरून आणलेली बाई,
मूल आडवं, दिवस दुसरा.
मूल गेलं. बाई राहिली.
आणि माझी मोजणी एकोणीसवर अडली.

जनरेटर खोकत होता.
भूल देणारा घड्याळाकडे बघत होता.
"पुन्हा मोज."
पुन्हा एकोणीस.
त्यांनी हात परत आत घातला,
डोळे मिटून, अंधारात किल्ली चाचपावी तसा.

बोळा माझ्याच बुटाच्या तळाला चिकटला होता.
त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
"जमिनीवरचाही हिशेबात धरायचा असतो, मापुलेंग."

मग त्या मासेरूला गेल्या. मंत्रालय, तिसरा मजला.
एकदा टीव्हीवर दिसल्या, चष्मा नवा,
मागे नकाशा, आमच्या डोंगरांवर पिवळा रंग.

दोन वर्षांनी पत्र आलं.
थिएटर बंद.
वर्षाला एक्केचाळीस शस्त्रक्रिया, रक्तपेढी नाही,
ऑक्सिजन उधारीचा.
त्याऐवजी खाली, मोठ्या दवाखान्याशेजारी मुक्कामघर:
दिवस भरत आले की बायकांनी आधीच उतरायचं.
खाली सही. ती सही मी कुठेही ओळखेन,
टाक्याची गाठ मारल्यासारखी,
दोन वेढे, मग ओढ.

मी चिडले. चार महिने चिडले.
दिवा काढून नेला तेव्हा छताला चार भोकं राहिली.
लोक विचारायचे, तुमचीच ना ती डॉक्टर?
मी म्हणायचे, माझी कसली.

मला मुक्कामघरावर नेमलं.
पहिल्या हिवाळ्यात सतरा जणी,
शेगडीभोवती पाय शेकत,
एकमेकींच्या पोटांना नावं ठेवत.
सतराही परतल्या, पाठीला मूल बांधून.

वरच्या खोऱ्यातली एक उतरलीच नाही.
सासू म्हणाली होती, मेंढरं कोण बघणार.
आमच्या यादीत ती नव्हती.
कुणाच्याच यादीत नव्हती.
तिला पुरल्यावर तीन आठवड्यांनी मला कळलं.

रात्री अकराला फोन लावला. नंबर तोच.
नमस्कार नाही, चौकशी नाही.
"एक कमी आहे," एवढंच म्हणाले.

पलीकडे बराच वेळ कागद सरकत राहिले.
मग खुर्चीचा आवाज.
"गावाचं नाव सांग," त्या म्हणाल्या,
"आणि तिथवर घोडा मिळेल का, तेही."

त्या आल्या. चुलीपाशी बसून सासूशी बोलल्या,
मेंढरांबद्दलच जास्त.
वहीत काहीतरी लिहून घेतलं.

थिएटर अजून बंदच आहे.
मी त्यांना पुरतं माफ केलेलं नाही.
घरात शिरताना मात्र
रोज बुटांचे तळ उलटून बघते.