किल्ली

पाळकसाहेबांच्या दारात उभा होतो, किल्ली परत द्यायला.
पितळेची, मुठीतून दोन्हीकडं बाहेर येणारी,
बापानं तीस वर्षं करदोट्याला बांधलेली.
दाराला कुलूप. कडीला दुधाची पिशवी.
शेजारची पोर म्हणाली, मिरजेला गेलेत, मयताला.

तेवढीच राहिली होती द्यायची.
बाकी मी कधीचंच सोडलं होतं,
भाड्याची खोली सोडावी तसं, एकेक डाग हलवत:
आधी बुधवारची प्रार्थना,
मग ताटावर बसताना मिटायचे डोळे,
मग नाताळची कागदी चांदणी,
माळ्यावरून काढलीच नाही.
भांडण नव्हतं.
भांडायला समोर कोणीतरी लागतं.

नाओमी अकरा दिवस आयसीयूत होती.
मंडळीनं उपास धरले. संधिवाताचे गुडघे
गार फरशीवर टेकले, हे मी पाहिलंय, नाकारत नाही.
बाराव्या दिवशी तेच लोक म्हणाले, प्रभूची इच्छा,
आणि कपबशीत चहा ओतला.
मी यार्डात परत गेलो.
हळदीच्या पोत्याला कुणाची इच्छा विचारावी लागत नाही.
काट्यावर चढतं, आकडा सांगतं, उतरतं.
तोलारी माणूस मी.
मला ते बरं वाटलं.

तरी रविवारी कुलूप काढत होतो.
दार उघडायचं, बाहेर चिंचेखाली लुनावर बसायचं,
आशीर्वाद झाला की लोक मोजल्यासारखं करून
दार लावायचं. पाच महिने.
आत कोण काय गातंय ते ऐकू येऊ नये म्हणून
कानात बाजारभाव.

परत निघालो तर चर्चच्या पायरीवर सालोमीबाई.
दोन्ही डोळ्यांत मोती पिकलेला, हातात ओलं फडकं.
शनिवार. बाकं पुसायचा दिवस.
"अब्नेर, आलास व्हय? किल्ली वाजली म्हणून कळलं."
उघडलं. काय करणार.

ती हातानं चाचपत बाकं पुसते,
महापुरात फुगलेलं लाकूड कुठं सोलतं ते तिला पाठ.
बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकाशी थांबली.
"हितं बसायची ती. हितं मी जरा टेकते."
आणि टेकली. बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, जसं कुणी गुडघ्याचं दुखणं सांगावं:
"मला बी काय ऐकू येत नाही बघ त्याचं.
शांतवन गेला तवापासनं. दोन वर्सं.
तू दार उघडतोस म्हणून येती."
मी म्हटलं, तुम्ही येता म्हणून मी उघडतो.
ती हसली, तोंडात चारच दात.
"मग चाललंय की."

चाललंय?
हे चालणं म्हणायचं का, सांग.
एक आंधळी आणि एक हिशेब न लागलेला माणूस
एका रिकाम्या खोलीची उस्तवार करतात
आणि तू कुठं आहेस?
तिला मी काय सांगायला हवं होतं?
अकरा दिवसांपैकी एक दिवस तरी,
एक रात्र, तिला शुद्ध यायला काय लागत होतं तुला?
नाव घेऊन विचारतोय, बघ.
पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलंय
आणि तेही शिव्या देण्यासारखं.
सालोमीबाईनं फडकं पिळलं. बादलीत पाणी पडलं.
तिनं ऐकलं असेल. काही बोलली नाही.

पाळकसाहेब रात्री परतले. मी गेलो नाही.
सकाळी कुलूप काढलं,
लुना चिंचेखाली लावली
आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो,
उठून जाता यावं असा, कडेला.
गीत सुरू झालं. मी म्हटलं नाही.
शेजारच्यानं पुस्तक पुढं सरकवलं, घेतलं,
पान काढलं.
पानाच्या खालच्या कोपऱ्यात
हळदीचा अंगठा उमटलेला होता,
जुना, फिकट.
माझाच.