एक सांध कोरडी

आमचं घर धड कुठल्या गावात नव्हतंच.
आरोंद्याच्या खाडीवर, नाक्याला टेकून होतं ते:
मागल्या दारी सावंतवाडीचं राज्य,
पुढल्या दारी पाणी, आणि पाण्यापलीकडे पाकले.
कोंबडी पोहत गेली असती तरी जकात पडली असती.

खापरपणजा धाकू खोबरेकर, होडीवाला.
बाराच्या साली, अवसेच्या रात्री
सत्तरीतले चौघे बंडवाले त्यानं अलीकडे उतरवले.
एकाच्या मांडीत गोळी. त्याचं रक्त
तळाच्या फळीत मुरलं, घासून निघेना.
म्हणून धाकूनं होडीच जाळली.
होडीवाल्यानं होडी जाळली
की दोन्ही काठांना कळतं.

आठवड्यात निघाले. वेंगुर्ल्याचं गलबत, पोटात कौलं,
कौलांवर चटया, चटयांवर माणसं.
अठरा वर्षांचा पणजा गुणाजी, त्याची आई,
आणि पाटा. वरवंटा किनाऱ्यावरच राहिला.
मस्कत आलं, गेलं.
मुहर्रकला गलबत गळायला लागलं, म्हणून उतरले.
घराण्याच्या इतिहासात
याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

त्याच गलबतात कापूस ठोकता ठोकता
गुणाजी कालापाती झाला. इथले त्याला गल्लाफ म्हणत.
कापूस पिळायचा, मोरीच्या तेलात भिजवायचा,
फळ्यांच्या सांधेत ठासायचा, वरून चुना नि चरबी.
वीस वर्षं मोत्यांच्या बोटी
त्याच्या मोगरीखालून पाण्यात गेल्या.
बुडी मारणारे त्यांतूनच जात,
नाकाला चिमटा, पायाला दगड,
आणि परत येत तेव्हा नाखव्याच्या वहीत
गेल्या सालापेक्षा खोल असत.
बाप मेला की वही मुलाच्या नावावर.
गुणाजीला ती वही ओळखीची वाटे.
नाक्यावर तशीच होती.

मग मंदीचं साल. मोत्याला गिऱ्हाईक नाही, उचल अर्धी.
सालमीन नावाचा बुडीवाला,
दोन्ही कान समुद्रानं फोडलेला
म्हणून सदा मोठ्यानं बोलणारा,
त्या रात्री मात्र कुजबुजायचा प्रयत्न करत आला:
उद्या आम्ही कचेरीवर जातो.
बोटी निघता कामा नयेत.
गुणाजी म्हणाला, "बरां."
मालवणीत. आणि मान हलवली.

रात्रभर वाळूवर ओळीनं उभ्या बोटींत
त्यानं सांध उसवली.
प्रत्येकीत एकच, कण्याजवळची,
उचकटून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी.
त्रेचाळीस बोटी.
कंदील धरला माझ्या आज्यानं. वय नऊ.

सकाळी काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे,
आणि जो तो वेगळं सांगतो.
बंदुका होत्या, यावर मात्र एकमत.
आमच्या घरात एवढंच सांगतात:
सालमीन आणि आणखी अकराजण धावत आले,
हाताला लागली ती बोट लोटली
आणि कतीफच्या दिशेनं वल्ही मारत सुटले.
गुणाजी छातीभर पाण्यात ओरडत होता.
सालमीनला ऐकू येत नव्हतं.

पुढे तीस वर्षं
कतीफहून आलेल्या प्रत्येकाला तो विचारी,
खजूरवाल्याला, गाढववाल्याला, नव्या नवरीला.
कोणी म्हणे, पोचले की.
कोणी म्हणे, कोण?
मोगरी त्यानं पुन्हा धरली नाही.
आणि आजा, वीज गेली तर अंधारातच जेवायचा.

मी इथल्या कोरड्या गोदीत जोड तपासतो.
पोलादाला यंत्र लावायचं,
पडद्यावर रेघ सरळ आली की सही.
बोटींचा तो किनारा आता भरावाखाली आहे,
वर मोटारी धुतात.
आरोंद्याला म्हणे पूल झालाय.

परवा एका टँकरच्या तळाशी
रेघ किंचित उडाली.
मर्यादेत होती. साहेब म्हणाला, चालेल.
मी यंत्र पुन्हा लावलं.
पुन्हा लावलं.
कागद खिशात आहे. सही व्हायची आहे.