तीन मिलिमीटर

दिवसभर मी एकच विचारते:
अंगावर धातू काही?
कंबरपट्टा, पेसमेकर, केसांतली पिन,
कारखान्यात कधी डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण?
माणसं आठवून आठवून सांगतात.
एक आजी म्हणाल्या, अंगठी निघत नाही गं,
साबण लावून पाहिला.
म्हटलं, असू दे, सोनं आहे.
सोन्याला हा विचारत नाही.

मग त्या पांढऱ्या बोगद्यात शिरतात,
आणि मी काचेअलीकडे बसून
त्यांच्या मेंदूचे काप मोजते.

सहाला सुटले की १९२ नंबरची बस.
स्टॉकपोर्टचा विटांचा तो पूल, कमानींवर कमानी,
वरून गाडी गेली तरी खाली कोणी मान उचलत नाही.

घरी टेबलावर कालचं वर्तमानपत्र,
औषधांच्या रिकाम्या बाटल्या,
झाकणांवर डकवलेले लोखंडी वॉशर.
त्यावर उभे शिपाई, अंगठ्याएवढे,
तळव्याखाली एकेक चुंबक,
तिळाहून मोठं, डाळीच्या दाण्याहून लहान.
बाटली धरायची, शिपायाला बोट लावायचं नाही.
रंगवताना जीभ बाहेर येते, ती येऊ द्यायची.

हे मला क्लाइव्ह ऑलरनशॉनं शिकवलं.
निवृत्त पोस्टमन. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये
दोन टेबलं जोडून युद्ध करतो,
मध्ये चहासाठी तह.
चाळीस वर्षं त्यानं सैन्य मोज्यांत गुंडाळून नेलं.
रणांगणावर पोचेपर्यंत निम्मे भाले मोडलेले.
आता बिस्किटांचा डबा. पत्र्याचाच हवा,
ॲल्युमिनियम दिसायला तसंच, पण कामाचं नाही.
पहिल्या दिवशी त्यानं उघडा डबा
माझ्या डोक्यावर उलटा धरला.
मी डोळे मिटले.
काहीच पडलं नाही.

पहिला हात मी चुकीचा चिकटवला.
खांद्यात एक चुंबक, दंडात एक,
जवळ नेलं की हात
उडी मारून मिठाच्या भांड्यामागे.
तीनदा.
क्लाइव्ह म्हणाला, बाजू आधी बघायची असते, खूण करून.
मी म्हटलं, आमच्याकडे याला छत्तीसचा आकडा म्हणतात,
आणि वर्तमानपत्राच्या कडेला काढून दाखवला: ३६.
बघ, दोघांनी पाठी फिरवल्यात.
आणि जमलं की त्रेसष्ट: ६३.
त्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.
म्हणजे तुमच्या आकड्यांना पाठ असते, म्हणाला,
आमचे सगळे नुसते उभे.

तेव्हापासून प्रत्येक चुंबकाच्या एका बाजूला
नेलपॉलिशचा लाल ठिपका.
शिपायाला तीन डावे हात: तलवार, ढाल, मशाल.
ज्या दिवशी जे लागेल ते.

मंगळवारी सकाळी स्कॅनरच्या दाराशी
माझा खिसा वळला.
लहान मुलानं पदर ओढावा तसा,
आत, त्या बोगद्याकडे.
मी जागच्या जागी थबकले. मागे सरले, एकेक पाऊल.
खिशात हात घातला तर हात सापडला.
तलवारवाला. अजून चिकट.
रात्री वाळत ठेवायला बशी नव्हती म्हणून.

फॉर्म भरावा लागला.
नाव: स्वरूपा ठोसर. हुद्दा: रेडिओग्राफर.
वस्तू: डावा हात, एक, प्लॅस्टिक, शस्त्रासह.
इजा: नाही.
तेरा वर्षं लोकांना विचारते आहे,
आणि स्वतःला विचारायचं राहून गेलं,
हे लिहायला रकाना नव्हता.

सुपरवायझर मिसेस अडेबायो
फॉर्म दोनदा वाचून गंभीरपणे म्हणाल्या,
आणि बाकीचा माणूस?

घरी आहे, म्हटलं.
बिस्किटांच्या डब्यात, झाकणाला उलटा.
पडत नाही.