लहान परिषद गट

काचेचं मानचिन्ह. वर कोरलंय:
'रस्ता सुरक्षा, लहान परिषद गट'.
मंचावरच्या बाई 'येरांबूल'चा उच्चार चुकवतात,
आम्ही सवयीने हसतो.

केलं काय आम्ही?
लोकरीच्या गोदामापाशी वळण जरा सैल केलं,
दोन निलगिरी तोडल्या
(त्यावरून तीन बैठका भांडलो),
शाळेसमोर एक उंचवटा.
थेल्मा ड्रिस्कॉलची अकरा पत्रं फायलीत होती.
बारावं आलं नाही.

मागच्या रांगेत एर्न कोवाल्स्की, टो ट्रकवाला.
मार्चपासून त्याचा हूक रिकामा.
"धंदा बसवलात माझा," म्हणतो,
आणि सगळे थांबले तरी
टाळ्या वाजवतच राहतो.

त्या वळणावरून त्याने शेवटची ओढलेली गाडी
त्यानेच घेऊन दिली होती पोरीला.
हप्ता अजून जातो.